कुणाच्या जिवावर

दिवाळीचा फराळ द्यायला नेदरलँड्समधल्या स्खीडामला गेले होते. चहा झाला आणि वहिनींनी ड्रॉवर उघडून पत्रांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळी एकाच विमा कंपनीची. सगळ्यात जुन्या पत्राला एक कागद टाचलेला होता. लंडनच्या मुलाने यंत्राकडून करून घेतलेलं इंग्रजी भाषांतर. त्यातल्या एका ओळीखाली वहिनींनी पेनाने रेघ ओढली होती: 'युअर ॲन्युइटी पॉलिसी एक्स्पायर्स ऑन द फर्स्ट ऑफ मार्च.'

"चौदा वर्षं भरले गं पैसे," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच माझ्या नावावर काढायला लावली होती. आणि बघ, मुदत संपली. पुढची पत्रं मी उघडलीच नाहीत. उघडून काय करायचं?"

मी मूळ डच पत्र वाचलं. तिथे क्रियापद होतं 'एक्स्पिरेर्ट'. इंग्रजी एक्स्पायरचा सख्खा भाऊ, दोघांचा जन्म एकाच लॅटिन घरातला. पण विम्याच्या डचमध्ये एक्स्पिरेर्ट म्हणजे पॉलिसी ठरल्या दिवसाला पोचली, हप्ते थांबले, जमलेली रक्कम तयार आहे, आता तिचं काय करायचं ते सांगा. इंग्रजीत एक्स्पायर होतो तो पासपोर्ट, पार्किंगची पावती, औषधाची बाटली. ज्याचा उपयोग उरला नाही ते. इंग्रजी विम्यात या जागी 'मॅच्युअर्स' असतं. आपण मराठीत हाच फरक दोन साध्या क्रियापदांनी करतो. औषधाची मुदत संपते, ठेवीची मुदत भरते. वहिनींची मुदत भरली होती. भाषांतरात ती संपली, आणि एक बाई सात महिने स्वतःच्याच पैशांचं सुतक पाळत बसली.

मी हेगला राहते आणि डचमधून इंग्रजीत भाषांतर करते. बरीच वर्षं माझ्या टेबलावर मुख्यतः विम्याचेच कागद येतात. आयुर्विमा, पेन्शन, आणि ज्याला इंग्रजीत ॲन्युइटी आणि डचमध्ये लैफरेंटे म्हणतात ते: ठरलेल्या काळाने मिळत राहणारं उत्पन्न. या कामात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. नेदरलँड्समध्ये इंग्रजी भाषांतर वाचणारा माणूस बहुधा इंग्रज नसतोच. तो क्राकूवचा असतो, अंकाराचा असतो, मिरजेचा असतो. समोर इंग्रजी वाचतो आणि मनात आपल्या भाषेत उतरवून घेतो. तेव्हापासून प्रत्येक इंग्रजी शब्द पक्का करण्याआधी मी तो एकदा मराठीत बोलून बघते. तिथे तो अडखळला तर इंग्रजीतही काहीतरी चुकलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

लैफरेंटे हा शब्दच घ्या. 'लैफ' म्हणजे आजच्या डचमध्ये शरीर. पण तो इंग्रजी लाइफच्या कुळातला, आणि जुना अर्थ 'जीव' असाच होता. शतकं सरता सरता जिवाचा देह झाला. 'रेंटे'ची कथा याहून गुंतागुंतीची. आज डच माणूस बँकेत रेंटे म्हणतो तेव्हा त्याला व्याज म्हणायचं असतं, इंग्रजी डोळ्याला त्यात घरभाडं दिसतं, आणि लैफरेंटेमध्ये ते दोन्ही नाही. तिथे रेंटे म्हणजे ठरलेल्या काळाने हातात येत राहणारी रक्कम. नवशिक्या भाषांतरकाराने लैफरेंटेचं 'लाइफ इंटरेस्ट' केलेलं मी पाहिलं आहे. इंग्रजी कायद्यात लाइफ इंटरेस्ट ही निराळीच गोष्ट आहे: हयातभर मालमत्ता उपभोगण्याचा हक्क. असा एक शब्द चुकला की मृत्युपत्राचा अर्थच उलटतो.

माझ्या घरापासून ट्रामने थोड्याच अंतरावर, जुन्या तुरुंगाच्या वेशीपाशी प्लाट्स नावाचा चौक आहे. तिथे योहान डे विट यांचा पुतळा उभा आहे. १६७२च्या २० ऑगस्टला याच परिसरात जमावाने त्यांना आणि त्यांच्या भावाला, कोर्नेलिसला, ठार मारलं. पर्यटकांना वाटाडे तेवढंच सांगतात. मी त्या पुतळ्यापुढून जाते तेव्हा मला आदल्या वर्षीचे डे विट आठवतात. १६७१च्या जुलैत हॉलंड प्रांताच्या या प्रमुख कारभाऱ्याने सभेपुढे एक टिपण ठेवलं: लैफरेंटेची किंमत लॉसरेंटेच्या प्रमाणात किती धरावी.

युद्ध दाराशी आलं होतं आणि सरकारला पैसा उभा करायचा होता. पैसा उभा करण्याचे दोन मार्ग लोकांच्या ओळखीचे होते. लॉसरेंटे म्हणजे सरकारला कर्ज द्यायचं आणि सरकार ते फेडून मोकळं होईपर्यंत दरसाल व्याज घ्यायचं. तुम्ही गेलात तर वारसांनी घ्यायचं. लैफरेंटेत मुद्दल परत येत नाही. एका नेमलेल्या जीवाच्या नावाने दरसाल रक्कम मिळते, आणि तो जीव गेला की थांबते. भाव सांगायची रीत अशी की दरसाल एक गुल्डन, म्हणजे तेव्हाचं डच नाणं, मिळवायला आज किती गुल्डन मोजायचे. लॉसरेंटेला पंचवीस, म्हणजे चार टक्के. लैफरेंटेला चौदा. डे विट यांनी माणसाच्या आयुष्याचे सहा-सहा महिन्यांचे तुकडे पाडले, कोणत्या वयात मरणाची शक्यता किती हे गृहीत धरलं, आणि दाखवून दिलं की तरुण, निरोगी जीवावरच्या लैफरेंटेचा रास्त भाव सोळा गुल्डनांच्या वर जातो. सरकार स्वस्तात विकत होतं. मरणाच्या शक्यतेचं गणित मांडून आयुष्यभराच्या उत्पन्नाची किंमत काढण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न त्याआधी कुणी केलेला माहीत नाही. ॲम्स्टरडॅमचे योहानेस हुडे यांच्याशी याच विषयावर त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. दोघेही गणिती, आणि दोघेही कारभारात बुडालेले.

हे टिपण पुढे विस्मरणात गेलं. १८५०च्या सुमारास लंडनमधल्या फ्रेडरिक हेंड्रिक्स नावाच्या एका ॲक्च्युअरीने, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्याने, ते शोधून इंग्रजीत आणलं. माझ्या धंद्यातले ते माझे पूर्वज. त्या चौदाच्या भावाला जुन्या डचमध्ये 'पेनिंग चौदा' म्हणत, इंग्रजीत 'फोर्टीन इयर्स पर्चेस' म्हणतात, म्हणजे चौदा वर्षांच्या उत्पन्नाइतकी खरेदी. जुना नोटरीचा कागद माझ्याकडे आला आणि त्यात पेनिंग दिसलं की मी आजही तेच लिहिते. नाण्याचं नाव म्हणून पेनी लिहिलं तर अर्थाला आग लागते.

मात्र डे विट यांच्या टिपणातलं गणितापेक्षाही मला जास्त धरून ठेवणारं आहे ते एक छोटं शब्दयोगी: 'ऑप'. लैफरेंटे अमक्याच्या लैफावर, अमक्याच्या जीवावर. त्या काळी बाप पैसे भरायचा, रक्कम आईच्या हातात यायची, आणि जीव मोजला जायचा पाळण्यातल्या मुलीचा, कारण ती सगळ्यात जास्त जगण्याची शक्यता. पैसे कुणाचे, मिळणार कुणाला, आणि कुणाच्या जगण्यावर. हे तीन प्रश्न वेगळे आहेत, आणि आजच्या डच पॉलिसीतही तीन वेगळ्या रकान्यांत असतात: विमा घेणारा, विमा ज्याच्यावर तो, आणि ज्याला लाभ मिळायचा तो. तिन्ही रकान्यांत एकच नाव असू शकतं, तीन निरनिराळी असू शकतात. इंग्रजीत 'द इन्शुअर्ड' हा शब्द सैल वापरला की पहिले दोघे एकमेकांत मिसळतात आणि दावा करताना भांडण उभं राहतं. म्हणून मी नेहमी 'लाइफ इन्शुअर्ड' असं लांब लिहिते, संपादक कापायला आला तरी कापू देत नाही.

आणि मराठीत? मराठीत हे आपण रोज बोलतो. कुणाच्या जिवावर उड्या मारतोस? पोराच्या जिवावर घर चाललंय. जिवावर म्हणजे त्याच्या असण्याच्या आधारावर, आणि त्याच्या पैशांवरही. डच 'ऑप'मध्ये जो करार दडलेला आहे तो आमच्याकडे आजीच्या तोंडी उघडपणे असतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी खूप वेळ काम बाजूला ठेवून नुसती बसून होते.

मरणासाठी डच विम्याचा शब्द आहे 'ओव्हरलैडन'. डच शिकणाऱ्याला त्यात 'लैडन' दिसतं, ज्याचा आजचा अर्थ दुःख सोसणं, आणि वाटतं की हा शब्द वेदनेतून आला. तसं नाही. लैडनचा जुना अर्थ जाणं, पुढे सरकणं. म्हणजे ओव्हरलैडन म्हणजे पलीकडे जाणं. आपण म्हणतो ना, ते गेले. तसंच. अंत्यविधीच्या विम्यात 'आउटफार्ट' हा शब्द येतो, बाहेर निघण्याचा प्रवास. आपली अंत्ययात्रा. इंग्रजीत मात्र मी दोन्हीकडे कोरडी राहते. 'डेथ' आणि 'फ्युनरल'. दावा मंजूर होणार तो त्या कोरड्या शब्दावर. 'पासिंग' लिहिलं तर कागद मऊ वाटतो, पण पासिंगने काहीच सिद्ध होत नाही.

डच भाषेत मागे राहिलेल्यांचा शब्द आहे 'नाबेस्टांडे'. मुळात अर्थ जवळचे नातलग असा, आज मृत व्यक्तीच्या पश्चात असलेले. 'पश्चात' हा मराठी शब्द मला इथे फार जवळचा वाटतो. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत शेवटी येणारं ते वाक्य, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. नाबेस्टांडे म्हणजे तेच वाक्य, एका शब्दात. इंग्रजीत याला 'सर्व्हायव्हर्स' म्हणतात आणि तो शब्द मला कधीच पुरा पटला नाही. बोट बुडाली आणि वाचले, तसे हे वाचलेले नसतात. पण अमेरिकेत, इंग्लंडमध्ये पेन्शनच्या कायद्यात तोच शब्द आहे, आणि कायद्याचा शब्द बदलायचा अधिकार मला नाही. लिहिते.

याच्याही आधीचा शब्द आहे 'वेडुवे'. म्हणजे विधवा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेला हा शब्द, एक वाट सातारच्या वाड्यापर्यंत गेली आणि एक रॉटरडॅमच्या धक्क्यापर्यंत. १९५९मध्ये इथे विधवा आणि अनाथ मुलांसाठी कायदा आला. त्याच्या मूळ मजकुरात विधुराला हक्क नव्हता. १ जुलै १९९६पासून त्याची जागा नाबेस्टांडेंच्या कायद्याने घेतली, त्यात स्त्री आणि पुरुष दोघेही आले. म्हणून जुन्या करारात 'वेडुवेनपेन्सिऊन' असेल तर मी त्याचं 'विडोज पेन्शन'च करते. तरुण सहकारी सुचवतात, 'सर्व्हायव्हर्स पेन्शन' करा, जास्त समावेशक आहे. पण त्या कागदाने पुरुषाला काही द्यायचं कबूल केलेलंच नाही. भाषांतरात मी त्याला ते देऊन टाकलं तर उद्या एखादा म्हातारा ते इंग्रजी घेऊन कंपनीच्या दारात उभा राहील आणि रिकाम्या हाताने परत जाईल.

डच भाषेत एक 'लांग्स्टलेव्हेंडे'ही आहे. जोडप्यातला जो जास्त जगेल तो. कोण ते आज माहीत नाही, पण दोघांपैकी एकाचं ते नाव होणार हे नक्की. दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हा शब्द असलेल्या कागदावर सही करतात. माझ्या नवऱ्याबरोबर आमच्या पॉलिसीवर सही करताना मी त्या शब्दावर बोट ठेवून थांबले होते. तो काही बोलला नाही, त्याने पेन माझ्या हातात दिलं.

आणि मग 'लांगलेव्हनरिसिको'. दीर्घायुष्याची जोखीम. विमा कंपनीने, पेन्शन फंडाने हिशेब केला त्याहून माणसं जास्त जगली तर पैसे कुठून आणायचे, ही ती जोखीम. इंग्रजीत 'लाँजेव्हिटी रिस्क', शास्त्रीय वाटतो, टोचत नाही. डच मात्र सरळ म्हणतं, लांब जगण्याची जोखीम. वाकून नमस्कार केला की 'शतायुषी हो' म्हणणाऱ्या घरात मी वाढले. सुरुवातीला हा शब्द लिहिताना हात अडायचा. नंतर कळलं की हा शब्द म्हाताऱ्यांच्या विरोधात नाहीच. ही जोखीम कुणीतरी आपल्या अंगावर घेतलेली आहे. नव्वदीतल्या बाईला, पैसे पुरतील का, याची चिंता करावी लागू नये म्हणून ती चिंता विकत घेणारं कुणी आहे, आणि डे विट यांच्या सोळा गुल्डनांपासून त्या चिंतेला भाव आहे.

पैसे देत राहायचे तर माणूस जगतो आहे हे कळायला हवं. परदेशात राहणाऱ्या डच पेन्शनराला दरसाल 'लेव्हन्सबेवैस' भरून पाठवावा लागतो. शब्दशः जगण्याचा पुरावा. याचं इंग्रजीत 'प्रूफ ऑफ लाइफ' करू नये, अपहरण झालेल्या माणसाच्या घरच्यांनी मागायची ती गोष्ट. 'लाइफ सर्टिफिकेट' म्हणावं. आमच्याकडे तर याला किती नेमका शब्द आहे: हयातीचा दाखला. बाबा दर नोव्हेंबरात साताऱ्याच्या बँकेत जातात. इस्त्रीचा शर्ट घालतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सही करताना कागद नाकाजवळ नेतात आणि सही झाली की काउंटरवरच्या मुलीला विचारतात, "आहे ना मी?" ती म्हणते, "आहात काका, पुढच्या वर्षी पण या." हे संभाषण दरवर्षी होतं आणि दरवर्षी बाबा ते मला फोनवर सांगतात. लेव्हन्सबेवैसचा फॉर्म भाषांतराला आला की मला तो काउंटर दिसतो, आणि सूचनांमधलं एकही वाक्य मी अवघड राहू देत नाही. तो फॉर्म भरणारा कुठेतरी कागद नाकाजवळ नेत असणार.

ॲन्युइटी हा इंग्रजी शब्द वर्षाकडे बघतो, लैफरेंटे जीवाकडे. मराठीत पूर्वीपासून 'वर्षासन' आहे. पेशवाईत विद्वानांना, देवस्थानांना, निराधार स्त्रियांना दरसाल नेमून दिलेली रक्कम. मूळ शब्द वर्षाशन, वर्ष आणि अशन. वर्षभराचं अन्न. या व्यवहाराला दिलेल्या नावांमध्ये मला हे सगळ्यात खरं वाटतं, कारण म्हातारपणी मिळणाऱ्या पैशांतून आधी किराणाच येतो. आज हा शब्द फारसा ऐकू येत नाही. विम्याच्या मराठी माहितीपत्रकातही बहुधा ॲन्युइटीच छापलेलं असतं. वापरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सगळे शब्द इतके हळवे नाहीत. 'एव्हेंट्यूएल' म्हणजे कदाचित असल्यास, इंग्रजी इव्हेंच्युअली नव्हे. 'प्रोव्हिसी' म्हणजे दलाली. 'प्रेमीफ्रै' म्हणजे हप्ते बंद करून कमी रकमेवर चालू ठेवलेली पॉलिसी, इंग्रजीत 'पेड-अप'. 'प्रीमियम-फ्री' लिहिलं तर वाचणाऱ्याला विमा फुकट मिळाल्यासारखा वाटतो. 'आफकोप' जरा रंगतदार. मुदतीआधी पॉलिसी बंद करून पैसे घेणं, आपण सरळ म्हणतो पॉलिसी मोडली. डच शब्द कंपनीच्या बाजूने बघतो: कंपनी पैसे देऊन आपली जबाबदारी विकत घेऊन टाकते. इंग्रजी 'सरेंडर' ग्राहकाच्या बाजूने बघतं: तो हक्क सोडून देतो. व्यवहार एकच, पण वाक्याचा कर्ता बदलतो. डच वाक्यरचना तशीच ठेवली तर कंपनीने परस्पर पॉलिसी बंद केली असा अर्थ निघतो.

लैफरेंटे मोडली तर प्राप्तिकर लागतो, आणि वर 'रेव्हिसीरेंटे', रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत. पुन्हा रेंटे! इथे ते उत्पन्न नाही. आजवर करात मिळालेली सवलत परत घेताना लावलेला भुर्दंड. इंग्रजीत यासाठी बसता शब्द नाही. मी डच शब्द ठेवते आणि त्याच वाक्यात अर्थ सांगते. तळटीप कुणी वाचत नाही.

वहिनींच्या बाबतीत हा भुर्दंड जवळ येत होता. मुदत भरल्यानंतर पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत त्या रकमेतून दरमहाचं उत्पन्न विकत घ्यायचं असतं. नाही घेतलं तर पॉलिसी मोडली असं धरतात. आमच्या हातात तेरा-चौदा महिने होते. आणि वहिनींना हे पैसे हवेच होते. इथलं सरकारी वृद्धापकाळ पेन्शन पन्नास वर्षांच्या वास्तव्यावर मोजतात, वर्षाला दोन टक्के. वयाच्या ३७व्या वर्षी त्या मिरजेहून आल्या, ६७व्या वर्षी पेन्शन सुरू झालं, तीस वर्षांचे साठ टक्के. उरलेल्या चाळीस टक्क्यांच्या खड्ड्यासाठीच दादांनी त्यांना ही पॉलिसी काढायला लावली होती. पाळणाघरातल्या अर्ध्या दिवसाच्या पगारातून त्या हप्ते भरत गेल्या, आणि दादा चार वर्षांपूर्वी गेले.

न उघडलेली पत्रं आम्ही त्या दिवशी एकेक करून उघडली. दोन आठवड्यांनी अर्ज आला. मी तो त्यांच्यासाठी इंग्रजीत लिहून नेला, मुलाला दाखवता यावा म्हणून, आणि आम्ही दोघी टेबलाशी बसलो. पहिला रकाना, दुसरा, तिसरा. मधल्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय विचारतायत?"

"कुणाच्या जिवावर, ते."

त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. सवयीने त्यांनी दादांच्या आडनावाचं पहिलं अक्षर लिहायला घेतलं होतं, मग आपलं नाव आधी लिहिलं.

"म्हणजे माझ्याच ना?"

"तुमच्याच, वहिनी."